चार इंची पाईपातला आवाज

"पहिला आवाज विहिरीतनं आल्यागत येतोय," संयोगिता म्हणाली. "नीट ऐक. माणसाच्या गळ्यातनं असा निघत न्हाई."

"मग विहीरच ओरडत असंल," अमीर म्हणाला. "गावची विहीर हाय. गावाच्याच बाजूनं ओरडणार."

"गप रं. आला बघ."

मैदानावर कोरेगावच्या 'नवयुग' संघाच्या गोलकीपरनं, बस्त्याव सिद्दीनं, चेंडू छातीशी धरला होता. तेवढ्यात कडेच्या ट्रॉल्यांमधून तो आवाज उठला. आधी एकच, खोल आणि घुमणारा. हूऽऽ. मग त्याच्या मागोमाग शंभर गळे. हू, हू, हू, हू. माकडाचा आवाज. बस्त्यावचा रंग काळाभोर आणि केस बारीक कुरळे, एवढंच त्याला कारण. ट्रॉल्यांवर हशा पिकला. बस्त्यावनं चेंडू लांब भिरकावला, हातमोजे आवळले आणि गोलपोस्टात जाऊन उभा राहिला. ट्रॉल्यांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

हिंगणवाडी हे कुंडलच्या अलीकडचं गाव. एके काळी कुस्तीचं, आता फुटबॉलचं. दिवाळीच्या सुट्टीत इथं आठवडाभर स्पर्धा चालते. गॅलरी वगैरे भानगड नाही. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या मैदानाभोवती ओळीनं लावल्या की झाली गॅलरी. एका ट्रॉलीत दहा टन ऊस मावतो, पण फुटबॉल असला की बारा टन माणूस मावतो. तरी टायर बसत नाहीत, कारण सगळे उड्या मारत असतात आणि निम्मं वजन कायम हवेतच असतं.

गावच्या 'वाघजाई' संघानं आदल्या दिवशीच फायनल गाठली होती. आज शिराळ्याच्या संघाला हरवून नवयुग फायनलला येणार, हे दिसतच होतं. तेव्हा त्यांचा गोलकीपर आत्ताच खचवून ठेवावा, म्हणजे फायनलला सोपं जाईल, असा गावातल्या शहाण्यांचा विचार.

पहिल्या दिवशी तो आवाज झाला तेव्हा संयोगिताही हसली होती. सगळे हसले म्हणून ती हसली. हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या वाळूच्या ढिगावर ती, अमीर आणि प्रांजल चेंडू खेळत होती. तिघंही सातवीत. नवयुगचा संघ शाळेतच उतरला होता. बस्त्याव दात घासत बाहेर आला, घटकाभर बघत राहिला आणि म्हणाला, "पोरी, अशी उडी मारशील तर कोपर मोडेल. कुशीवर पड. चेंडू आधी, मग खांदा, मग कंबर."

तिघांची तोंडं उघडीच राहिली. "तुमी मराठी बोलताय?"

"मग? आम्ही सिद्दी, आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आलेले. गाव कर्नाटकात, हल्याळजवळ. घरी कोकणी, बाजारात मराठी, शाळेत कन्नड. तुम्हाला काय वाटलं, मी विमानातून उतरलो?"

नेमकं तेच वाटलं होतं. संयोगिताच्या डोक्यात पुढचा हिशेब आपोआप झाला. म्हणजे ट्रॉल्यांवरून जे जे ओरडतात, ते सगळं याला कळतं. शब्दन् शब्द. त्या दिवसापासून ती रोज सकाळी त्याच्याकडं उडी शिकायला जायची, आणि दुपारी मैदानावर तोंड लपवून बसायची.

आज मात्र हाफटाइम होताच ती उठली. "चला. अध्यक्षांना सांगू."

स्पर्धेचे अध्यक्ष हंबीरराव म्हणजे प्रांजलचे आजोबा, फौजेतले निवृत्त सुभेदार. मांडवात चहा पीत होते.

"आजोबा, त्या गोलकीपरला माकड म्हणून चिडवत्यात," प्रांजल म्हणाली.

"मैदानावर असं चालतंयच गं. आमी फौजेत असताना एकमेकाला काय काय म्हणायचो, ते तुला सांगता बी येणार न्हाई."

"तुमी एकमेकाला म्हणत हुता," संयोगिता म्हणाली. "हितं शंभर जण एकाला म्हणत्यात."

हंबीररावांनी बशी खाली ठेवली. "बरं. कोण ओरडतंय? नाव सांग. नाव न्हाई, पुरावा न्हाई, मग मी काय सगळ्या गावाला कवायत लावू?" आणि ते पुन्हा चहाकडं वळले.

"नाव पायजे म्हणत्यात," बाहेर येऊन अमीर म्हणाला. "नाव काढू."

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा तिघं ट्रॉल्यांच्या खालून रांगत निघाली. वरती पाय थडाथडा आपटत होते, फळ्यांच्या फटीतून शेंगांची टरफलं डोक्यावर पडत होती. प्रांजलच्या वेणीत तर एवढी टरफलं अडकली की पुढं तीन दिवस तिच्यामागं कोंबड्या हिंडत होत्या, असं अमीर सांगतो.

हूऽऽ.

"पुढची ट्रॉली," संयोगिता कुजबुजली.

हूऽऽ. या वेळी डोक्यावरच. फळीतून कंप हातापर्यंत आला. तिघं झपाट्यानं बाहेर आली आणि मागच्या फाळक्याला धरून वर चढायला लागली. चढता चढता अमीरचा पाय घसरला, तो धपकन खाली आदळला, आणि वर कुणीतरी म्हणालं, "कोण हाय रं खाली?" लगेच फाळक्यावरून काहीतरी खाली पडलं आणि गडगडत चाकापाशी गेलं. तिघं वर पोचली तोवर ट्रॉलीतला प्रत्येक माणूस असा साळसूदपणे मॅच बघत होता, जणू कीर्तनाला बसलाय.

खाली पडलेली वस्तू म्हणजे पाईपचा तुकडा. चार इंची, हातभर लांब, चिखलानं माखलेला. एका टोकाला करवतीनं नुकताच कापलेला.

"ह्यात तोंड घालून ओरडतोय," अमीर म्हणाला आणि लगेच तोंड घालून बघितलं. जवळची शेळी दावं तोडून पळाली.

"आता सापडला," प्रांजल म्हणाली. "पाईपवर पट्टा असणारच."

या भागात पाईपला पट्टा असतोच. उसाला पाणी द्यायचं, तर पाईप या रानातून त्या रानात जातात, शेजारी मागून नेतात, कधी न मागताही नेतात. म्हणून प्रत्येक घर आपल्या पाईपवर आपल्या रंगाचे पट्टे ओढून ठेवतं. आवाज लपवायला ज्यानं पाईप कापला, त्यानं घाईत स्वतःच्याच घरचा कापला होता. स्वतःचं नाव लिहिलेला मुखवटा घालण्यातला प्रकार.

शाळेच्या नळावर संयोगितानं तुकडा धुतला. चिखल गेला आणि पट्टे दिसले. दोन पांढरे, मध्ये एक लाल.

"आता शिवारातल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी बघत हिंडायचं," अमीर म्हणाला. "दोन दिस लागतील."

"हिंडायला नको," संयोगिता म्हणाली.

लाल पट्ट्याचा एक ओघळ खाली आला होता, आणि त्या ओघळावर एक छोटा अंगठा उमटला होता. गेल्या उन्हाळ्यात जयराजकाकानं घरच्या पाईपांवर पट्टे ओढले, तेव्हा ती रंगाचा डबा धरून उभी होती. ओघळ आला म्हणून तिनं अंगठ्यानं पुसायला बघितलं, तर ठसाच उठला. काका म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे. आता हा पाईप कोण नेतंय बघू, तुझी सहीच हाय."

तिनं ठशावर अंगठा ठेवला. अंगठा आता थोडा मोठा झाला होता.

तिला पहिला फुटबॉल आणून देणारा जयराजकाका. मुलींनी कशाला खेळायचं म्हणणाऱ्यांना चावडीत गप्प बसवणारा जयराजकाका.

मैदानावर शेवटची शिट्टी झाली. नवयुग जिंकलं होतं. बस्त्याव तोंड धुवायला नळावर आला, तशी संयोगितानं पाईप पाठीमागं लपवला.

"उद्या उडीची शाळा नाही," तो म्हणाला. "उद्या आई येणार. मला खेळताना तिनं कधी पाहिलं नाही. मी सांगितलंय, मोठी स्पर्धा आहे, लोक खूप टाळ्या वाजवतात." तो ओंजळीतल्या पाण्याकडं बघत राहिला. "तिलाही मराठी कळतं. आणि त्या आवाजाला भाषा लागतच नाही. उद्या तो आवाज झाला तर मी हातमोजे काढून ठेवणार, तिला घेऊन मिरजेला जाणार आणि गाडी धरणार. परत बाहेर कुठं खेळायला येणार नाही. कोरेगाववाल्यांना तसं सांगितलंय मी."

पाठीमागचा पाईप संयोगिताला दहा टनांचा वाटायला लागला.

संध्याकाळी जयराजकाका गोठ्यात म्हशीची धार काढत होता. तिनं तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

काकानं बघितलं. चरवीतली धार तुटली नाही. "कुठं घावला?"

"काका, का करतोस?"

"आगं, मजा असती ती. तो गडबडला की गोल हुतोय. आपल्या वाघजाईसाठीच करतोय न्हवं? त्याला कुठं काय कळतंय?"

"त्यो मराठी बोलतोय."

आता धार थांबली. "म्हंजे? आपल्यासारखं?"

"तुझ्यापेक्षा बरं. उद्या त्याची आई येणार हाय."

काका मान झटकून म्हणाला, "सगळेच ओरडत्यात. मी एकटा हाय व्हय?"

"सगळे तुझ्या मागनं ओरडत्यात. आणि एवढी मजाच असती, तर तोंड पाईपात का घालतोस?"

उत्तर नसलं की मोठी माणसं जे म्हणतात ते काका म्हणाला. "लय शानी झालीयास. जा, अभ्यास कर."

दिवाळीच्या सुट्टीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं अमीरच्या घरी जमली. अमीरचे वडील रहिमान यांचा मांडव आणि स्पीकरचा धंदा. स्पर्धेचा माईक त्यांचाच. चार मोठे कर्णे मैदानाकडच्या लिंबाच्या झाडावर, चारी दिशांना तोंड करून बांधलेले. ओट्यावर बसलेल्या बायकांनाही घरबसल्या स्कोअर कळायचा.

"हंबीरआजोबांना पुरावा दे," प्रांजल म्हणाली. "नाव बी मिळालंय."

"ते काकाला बाजूला घेऊन दोन शब्द सांगतील," संयोगिता म्हणाली. "मग दुसरा कोणतरी पाईप कापंल. पहिला आवाज कुणाचा ते कळू नये म्हणूनच बाकीचे ओरडत्यात. गर्दीत नाव नसतंय."

"माईकवर नाव असतंय," अमीर सहज म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे त्याच्याच ध्यानात आलं.

माईक म्हणजे हरिबाअण्णा. कुस्ती, बैलगाडी, फुटबॉल, कुठंही निवेदक हरिबाअण्णाच. त्यांचा आवाज सुटला की शिराळ्यातले नाग बिळातून फणा काढतात म्हणे. विचारून यायला अजून कोणी गेलेलं नाही. प्रेक्षकांनी चिठ्ठी पाठवायची आणि अण्णांनी ती वाचायची, ही इथली रीत. अमुक गोलबद्दल अमुक यांच्याकडून अभिनंदन, सौजन्य तमुक यांचे मामा. माईकवर नाव यावं म्हणून माणसं जीव टाकतात. आणि अण्णांचा एकच दोष. चिठ्ठी आधी वाचून बघायची नाही. हातात आली की तोंडातून गेली. एकदा त्यांनी कुणाची तरी वाण्याची यादी वाचली होती. "साखर पाच किलो यांच्याकडून, हळद पावशेर यांचं, हार्दिक अभिनंदन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण अण्णा थांबले होते.

"चिठ्ठ्या माझ्याच हातनं जात्यात," अमीर म्हणाला. "मी माईकशेजारीच बसतोय."

प्रांजलनं वही उघडली. तिचं अक्षर शाळेत पहिलं. "खाली काय लिहू? एक प्रेक्षक?"

"न्हाई. माझं नाव," संयोगिता म्हणाली. "नाव नसंल तर आपण बी पाईपातच."

"तुझा काका बोलायचा न्हाई तुझ्याशी."

"म्हाईत हाय." तिनं पेन्सिल हातात घेतली. "आण, मीच लिहिते."

दुपारपर्यंत गल्लीतली अजून सात पोरं जमवली. नियम एकच ठेवला. ज्यानं त्यानं फक्त आपल्या घरचा माणूस लिहायचा, तोही त्यानं काय केलं ते स्वतः पाहिलं किंवा त्याच्या तोंडून ऐकलं असलं तरच, आणि खाली आपली सही करायची. दोन पोरं नियम ऐकूनच घरी गेली. त्यांचे वडील लय मारकुटे होते, म्हणून त्या पोरांना कोणी नावं ठेवली नाहीत.

फायनलला अख्खं शिवार लोटलं. पाहुण्यांच्या खुर्च्यांत बस्त्यावची आई बसली होती, हिरव्या साडीत, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मॅच सुरू झाली. पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. संयोगिताला वाटलं, काकानं ऐकलं. चिठ्ठी लागायचीच नाही.

मग वाघजाईचा फटका आला, बस्त्यावनं कुशीवर झेप घेऊन चेंडू कवटाळला. चेंडू आधी, मग खांदा, मग कंबर. आईनं टाळ्या वाजवायला हात उचलले.

हूऽऽ.

नवा तुकडा कापला होता तर. मागोमाग शंभर गळे. बस्त्यावच्या आईचे हात हवेतच राहिले. तिनं ट्रॉल्यांकडं पाहिलं, मग मुलाकडं. बस्त्याव उठला, चेंडू खाली ठेवला आणि उजव्या हातमोज्याची पट्टी सोडायला लागला.

संयोगितानं माईकशेजारी बसलेल्या अमीरकडं पाहिलं आणि मान हलवली. अमीरनं चिठ्ठी पुढं सरकवली.

"आणि मंडळी, चिठ्ठी आलेली आहे!" हरिबाअण्णा गर्जले. "आत्ताच निघालेल्या आवाजाबद्दल! हिंगणवाडीचे प्रगतिशील बागायतदार, श्रीयुत जयराज यांनी चार इंची पाईपात तोंड घालून माकडाचा हुबेहूब आवाज काढल्याबद्दल त्यांचं जाहीर अभिनंदन! हा आवाज गोलकीपर बस्त्याव यांच्या आईनेही समोर बसून ऐकला आहे! अभिनंदन करणार, त्यांची सख्खी पुतणी, कुमारी संयोगिता! जोरदार टा..."

अण्णांचा टा तिथंच राहिला. वाचलेलं त्यांच्या कानातून आत्ता कुठं डोक्यात पोचत होतं. पण हाताला सवय लागलेली. अमीरनं दुसरी चिठ्ठी ठेवली आणि ती वाचली गेली. "माजी उपसरपंच... यांनी साथ दिल्याबद्दल, त्यांचा नातू." तिसरी. "दूध डेअरीवाले... त्यांच्या दोन्ही मुली." प्रत्येक नावासरशी एका ट्रॉलीवरचा एक माणूस खाली बसत होता. चौथी चिठ्ठी सुवाच्य अक्षरात होती. "तक्रार कानावर घालूनही चहा संपवल्याबद्दल, स्पर्धेचे अध्यक्ष सुभेदार हंबीरराव यांचं अभिनंदन. नात, प्रांजल."

मैदान चिडीचूप. असं चिडीचूप की दोन कोसांवर कुणीतरी उसाचं पाचट ओढत होतं, ते ऐकू आलं. शंभर जण एकदम ओरडतात तेव्हा कोणीच ओरडत नसतं. नाव घेतलं की एकेक जण एकटा होतो.

जयराजकाका ट्रॉलीत उभा होता. हातात पाईप. लपवायला जागा नव्हती. त्यानं पुतणीकडं पाहिलं. ती खाली उभी होती, आणि तिनं नजर वळवली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं.

कर्णे चारी दिशांना होते. त्यामुळं थोड्याच वेळात गावाच्या बाजूनं चंद्राबाई येताना दिसल्या. संयोगिताची आजी, म्हणजे जयराजची आई. हाताला शेवयांचं पीठ तसंच. गर्दीनं वाट दिली. त्या थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी गेल्या आणि बस्त्यावच्या आईशेजारी बसल्या.

"पोरगं चांगलं धरतंय चेंडू," त्या म्हणाल्या. "जेवलासा का प्रवासात?"

"जेवले," ती हलक्या आवाजात म्हणाली.

चंद्राबाईंनी ट्रॉलीकडं न बघताच हाक दिली. "जयराज, ह्यांना पाणी आण."

पाईप ट्रॉलीत ठेवून काका उतरला. मांडवातून तांब्या भरून घेतला आणि अख्ख्या गावासमोर मैदानाच्या कडेनं चालत गेला. ती साठ पावलं त्याला कुंडलपर्यंत लांब वाटली असतील. त्यानं वाकून तांब्या पुढं केला.

"मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला. माईक लांब होता, तरी पुष्कळांना ऐकू आलं.

तिनं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग तांब्या घेतला. "मला नाही, त्याला सांगा," ती म्हणाली.

काका गोलपोस्टापाशी गेला. तिथं दोघांत काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही. एवढंच दिसलं की बस्त्याव बराच वेळ काही बोलला आणि काका मान खाली घालून ऐकत राहिला. मग बस्त्यावनं हातमोज्याची पट्टी पुन्हा आवळली आणि पंचांकडं बघून हात वर केला. खेळ सुरू.

वाघजाई हरलं. एक-शून्य. शेवटच्या मिनिटाला वाघजाईला पेनल्टी मिळाली होती, ती बस्त्यावनं अडवली. ट्रॉल्यांवरून टाळ्या पडल्या. काही जणांनी मनापासून वाजवल्या, काहींनी शेजारचा बघतोय म्हणून. बस्त्यावच्या आईनं मात्र पिशवी खाली ठेवून दोन्ही हातांनी वाजवल्या.

बक्षीस द्यायला हंबीरराव उठले. कान लाल झालेले. "फौजेत एक शिस्त हुती," ते माईकवर म्हणाले. "चूक शिपायाची असो न्हाई तर सुभेदाराची, हजेरी सगळ्यांसमोर. ती मी विसरलो हुतो, पोरांनी आठवण दिली. पुढच्या वर्षापासनं मैदानावर कुणी रंगावरनं, जातीवरनं, धर्मावरनं ओरडलं, तर नाव माईकवर आणि माणूस मैदानाबाहेर. ह्या पोरांची समिती ते बघंल. आणि हरिबा, तुमी चिठ्ठ्या अशाच न बघता वाचत जावा."

"मी बघूनच वाचली," हरिबाअण्णा म्हणाले. ते खोटं होतं, पण सगळ्यांना आवडलं.

निघताना बस्त्याव संयोगिताला म्हणाला, "पुढच्या वर्षी डावीकडची उडी शिकवतो. आज सकाळची शाळा बुडालीय."

काका मात्र घरी तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन तडक गोठ्याकडं गेला. ती अंगणात बसून राहिली. मग गोठ्याकडून करवत ठेवल्याचा आवाज आला आणि हाक आली, "ये हिकडं. डबा धर."

दोन्ही तुकडे आणि कापलेला पाईप काकानं कपलिंग लावून पुन्हा जोडला होता. जोडावर त्यानं नवा पट्टा ओढला, पांढरा, लाल, पांढरा. लाल रंगाचा ओघळ आलाच. काका थांबला.

"लाव अंगठा," तो म्हणाला. "तुझी सही लागती."

संयोगितानं डबा खाली ठेवला. "माझी एक हाय त्यावर. आता तुझी लाव."

काकानं तिच्याकडं पाहिलं, अंगठा धोतराला पुसला आणि ओल्या रंगावर टेकवला. चांगला मोठा ठसा उठला. लांबूनसुद्धा कुणाचा ते कळेल असा.